मारहाण हा तंटा नव्हे

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व क्षेत्रीय कर्मचारी यांच्यासाठी योजलेल्या व्याख्यानाची संहिता)



वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव टेकडीवरील शेख ख्वाजा फरीद यांच्या दर्ग्यामुळे दूरवर परिचित आहे. टेकडीवर विखुरलेल्या गोल दगडांविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी फकिराची थट्टा केली आणि त्यांच्याजवळचा सारा माल दगड होऊन पडला. पुढे त्यांनी क्षमा मागितली व ते कायमचे त्यांच्या सेवेत राहिले. खडकाचा अभ्यास करणारे या गोट्यांना झिओलाइट खनिजाचे गोटे म्हणतात. आख्यायिका काहीही असो, हिंदू आणि मुसलमान हे दोन्ही समाज येथे सारख्याच श्रद्धेने येत आले आहेत. घरात जे बोलता येत नाही ते दुःख अशा ठिकाणी हलक्या आवाजात बोलले जाते. मात्र टेकडी उतरून खाली आल्यावर तेच दुःख गावात कोणाजवळ बोलावे, असा प्रश्न काही स्त्रियांपुढे उरतो. नवऱ्याच्या मारहाणीचे दुःख हे त्यांपैकी एक होय. गावाने हे दुःख कसे ओळखावे आणि ओळखल्यावर काय करावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

मौनाचे मोजमाप

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १८ ते ४९ वर्षे वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारणपणे चार स्त्रियांमागे एक असे आहे. जगाचे चित्रही फारसे निराळे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजानुसार दर तीन स्त्रियांपैकी सुमारे एकीने आयुष्यात केव्हा ना केव्हा शारीरिक किंवा लैंगिक हिंसा अनुभवलेली असते आणि तीत जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसेचा वाटा सर्वांत मोठा असतो.

याच राष्ट्रीय सर्वेक्षणातील दुसरा आकडा गावाच्या दृष्टीने अधिक विचारात घेण्याजोगा आहे. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली होती आणि ७७ टक्के स्त्रियांनी मदत मागितली नव्हती, की कोणाला सांगितलेही नव्हते. म्हणजे ज्या गावात वर्षभरात अशी एकही तक्रार आली नाही त्या गावात मारहाण नाही, असा निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. तक्रार ऐकून घेणारी जागा स्त्रियांना अद्याप सापडलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ असू शकतो.

विदर्भाला हा प्रश्न नवा नाही. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक प्रसिद्ध करून स्त्रीचे दोष मोजणाऱ्या समाजाला पुरुषाचे दोष मोजून दाखविले होते. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, विवाहित स्त्रीचा छळ हा भारतीय दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा ठरला आणि कलम ४९८-अ अस्तित्वात आले. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आली आहे.

दारू हे संपूर्ण उत्तर नव्हे

मारहाणीचा विषय निघताच गावात प्रथम दारूचे नाव घेतले जाते. ते अगदीच चुकीचे नाही. दारूने संयम सुटतो, मजुरीचे पैसे जातात आणि भांडणाला निमित्त मिळते. म्हणूनच ग्रामीण महाराष्ट्रातील दारूबंदीच्या बहुतेक चळवळींत स्त्रिया पुढे राहिल्या. परंतु वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. चोरटी दारू मिळत राहिली, हे त्यावरचे एक उत्तर झाले. तरीही थोडा विचार केला असता आणखी एक गोष्ट दिसून येते. प्यायलेला माणूस पाटलाला मारीत नाही, ठाणेदाराला मारीत नाही, ज्याच्याकडे मजुरीला जातो त्या शेतमालकालाही मारीत नाही. तो घरी येऊन बायकोला मारतो. याचा अर्थ असा की, कोणाला मारले तर चालते आणि कोणाला मारले तर चालत नाही, याचे भान त्याला नशेतही असते. न पिणारे पुरुषही मारतात आणि पिणारे अनेकजण हात उचलत नाहीत.

नापिकी, कर्ज, कापसाचा पडलेला भाव यांचेही असेच आहे. ही संकटे खरी आहेत आणि ती नवराबायको दोघांवरही येतात. ती सोसण्याचा भार मात्र मारहाणीच्या रूपाने एकीवरच पडतो. बायको ही आपल्या ताब्यातील गोष्ट आहे आणि तिला शिस्त लावणे हा आपला हक्क आहे, ही समजूत या हिंसेचे मूळ आहे. दारू आणि दारिद्र्य तिला खतपाणी घालतात.

ओळखावे कसे

कायद्याने हिंसेची व्याख्या केवळ मारहाणीपुरती ठेवलेली नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाचा समावेश आहे. मजुरी काढून घेणे, स्त्रीधन विकणे, माहेरी जाऊ न देणे, मुलगा झाला नाही म्हणून टोचून बोलणे, घरातून हाकलून देण्याची धमकी देणे ही सर्व हिंसाच होय. विवाहासारख्या नात्याने एका घरात राहणाऱ्या स्त्रीलाही हा कायदा लागू आहे आणि तो सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी एकच आहे. दोन्ही समाजांच्या वस्तीत हे आवर्जून सांगितले गेले पाहिजे.

या हिंसेच्या खुणा निरनिराळ्या माणसांना निरनिराळ्या जागी दिसतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातील आरोग्यसेविकेला असे आढळते की, बाई विहिरीच्या काठावर घसरून पडल्याचे सांगते, पण वळ पाठीवर आणि दंडाच्या आतल्या बाजूला आहेत. जखम चार दिवसांची आहे आणि ती आज आली आहे. तिला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सोबत आलेला नवराच देतो. गरोदरपणातील मारही अनेकदा अशाच वेळी लक्षात येतो. आशा कार्यकर्तीच्या नजरेस येते की, पूर्वी बैठकीला येणारी बाई आता दारातूनच बोलते आणि बोलताना मागे वळून पाहते. बचत गटाच्या हिशेबात तिचा हप्ता थकतो आणि कर्जाचे पैसे तिने पाहिलेलेच नसतात. शिक्षकाला वर्गात पेंगणारे, एकाएकी गप्प झालेले किंवा सवंगड्यांना विनाकारण मारणारे मूल दिसते. शेजाऱ्याला तर सारे ऐकू येत असते.

यांपैकी एकेका खुणेवरून निष्कर्ष काढता येत नाही. मात्र दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, तर बाईला एकटीला गाठून, आवाज खाली ठेवून, साध्या शब्दांत विचारावे. ‘ताई, घरी कोणी त्रास देते का?’ एवढा प्रश्न पुरे. पहिल्या वेळी ती नाही म्हणेल. विचारणारी व्यक्ती बोलता येण्याजोगी आहे, एवढे मात्र तिला कळलेले असेल.

काही खुणा विशेष धोक्याच्या समजाव्यात. गळा आवळणे, जाळण्याची किंवा जिवे मारण्याची धमकी, हाती कुऱ्हाड किंवा विळा घेणे, गरोदर स्त्रीला मारणे आणि मारहाण दिवसेंदिवस वाढत जाणे या त्या होत. कापूस पिकविणाऱ्या घरात कीटकनाशकाची बाटली हाताशी असते. जिवाला कंटाळल्याची भाषा बोलणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत ही बाटली घरातून हलविणे हेदेखील जीव वाचविण्याचे काम आहे. बाई घर सोडण्याचे ठरविते किंवा सोडून जाते, तो काळ अनेकदा सर्वाधिक धोक्याचा असतो, हेही ध्यानी असावे.

तडजोडीची मर्यादा

भांडण मिटविणे हा गावाचा जुना गुण आहे. १५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि या गुणाला शासनाची साथ मिळाली. बांध, पाण्याची पाळी, सामाईक भिंत यांवरून वर्षानुवर्षे चाललेले वाद गावातच मिटविण्याचा मार्ग तीतून खुला झाला. परंतु बांधाच्या तंट्यात दोन्ही पक्ष आपापल्या शेतात उभे असतात. तडजोड झाल्यावर ते आपापल्या घरी जातात. मारहाण झालेल्या स्त्रीची तडजोड झाली, म्हणजे ती ज्याच्याविरुद्ध बोलली त्याच्याच घरी, त्याच रात्री परतते. दार लागल्यानंतर तडजोडीच्या पालनाची हमी घेणारे तेथे कोणी नसते.

म्हणून मारहाण हा तंटा नव्हे. त्यात दोन बाजू ऐकून मधला मार्ग काढण्याजोगे काही नाही. भाजीत मीठ जास्त पडले होते का, सासूला उलट उत्तर दिले होते का, या चौकशीचा निकालाशी संबंध नाही, कारण त्यांपैकी कोणत्याही गोष्टीला मार ही शिक्षा कायद्याने सांगितलेली नाही. अधिनियमाखालील २००६ च्या नियमांनी हेच सूत्र स्वीकारले आहे. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाने होणाऱ्या समुपदेशनात प्रतिपक्षाला आपल्या हिंसक कृत्याचे समर्थन करण्याची मुभा नाही आणि यापुढे हिंसा करणार नाही अशी हमी त्याने देणे अपेक्षित आहे. जे समर्थन न्यायालयाच्या समुपदेशनात चालत नाही, ते ग्रामपंचायतीच्या ओट्यावर का चालावे?

यावर असा आक्षेप घेतला जातो की, गावाने समजूत घातली नाही तर संसार मोडेल. हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. ज्या स्त्रीला माहेरचा आधार नाही, हाती पैसा नाही, पदरी लहान मुले आहेत, ती स्वतःच अनेकदा म्हणते, ‘मला नांदायचं आहे, फक्त मार थांबवा.’ तिची ही मागणी पूर्णतः रास्त आहे आणि २००५ चा अधिनियम नेमका त्यासाठीच आहे. तो फौजदारी शिक्षेपूर्वी संरक्षण देतो. घटस्फोट न घेता, नवऱ्याला तुरुंगात न धाडता, मार थांबविण्याचा आदेश तिला मिळू शकतो. नांदायचे की निघायचे, हा निर्णय मात्र तिचाच असावा. गावाने तो तिच्या वतीने घेऊ नये, या बाजूचाही नाही आणि त्या बाजूचाही नाही.

कायद्याची वाट

या अधिनियमाखाली राज्यात महिला व बालविकास विभागामार्फत संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. हिंसा घडली आहे, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे सकारण वाटणारी कोणतीही व्यक्ती, मग ती शेजारी असो, शिक्षक असो वा पंच असो, संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्भावनेने दिलेल्या अशा माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी दायित्व येत नाही, असे कलम ४ सांगते. ‘बाहेरच्याने मध्ये पडू नये’ या जुन्या वचनाला कायद्याने दिलेले हे उत्तर आहे. जिवाला धोका नसेल तेव्हा मात्र बाईला विचारून, तिला ठाऊक करूनच कळवावे. तिच्या नकळत गेलेल्या निरोपाची किंमत पुष्कळदा तिलाच मोजावी लागते.

संरक्षण अधिकारी कौटुंबिक घटना अहवाल तयार करून न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवितो. अर्जाची पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत ठेवावी आणि साठ दिवसांत तो निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायद्यात नमूद आहे. प्रत्यक्षात विलंब होतो. म्हणूनच तातडीच्या प्रसंगी अंतरिम आदेश मागण्याची तरतूद उपयोगी पडते. न्यायालय संरक्षणाचा, निवासाचा, आर्थिक साहाय्याचा, मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आणि नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकते. संरक्षण आदेशाचा भंग केल्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. घर सासऱ्याच्या नावावर आहे, तेव्हा सुनेने निघावे, हा युक्तिवादही आता सहज टिकत नाही. सामाईक घर सासरच्या नातलगांच्या मालकीचे असले तरी त्यात राहण्याचा हक्क स्त्रीला मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये स्पष्ट केले.

विधी सेवा प्राधिकरणामार्फत मिळणाऱ्या मोफत वकिलासाठी स्त्रीला उत्पन्नाची अट नाही. महिला मदतवाणीचा क्रमांक १८१ आणि तातडीच्या पोलीस मदतीचा क्रमांक ११२ हा आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सहकार्याने सुरू केलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्याच्या अन्य जिल्ह्यांतही पोहोचला. पोलीस यंत्रणेच्या आवारातच प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसली, तर बाईला पायरी चढणे सोपे जाते, हा त्यातील अनुभव आहे. रुग्णालयांच्या बाबतीत मुंबईच्या ‘दिलासा’ केंद्राने २००० च्या सुमारास हीच वाट दाखविली.

गावाने काय करावे

मोठ्या योजनेची वाट न पाहता गिरडसारख्या गावाला पुढील गोष्टी करता येतील. गिरडला पोलीस ठाणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र ही दोन्ही आहेत. अनेक गावांना यांसाठी मैलोगणती जावे लागते.

पहिली गोष्ट शेजाऱ्याची. ‘बेल बजाओ’ नावाच्या मोहिमेने २००८ साली शहरांतील लोकांना सांगितले की, शेजारी मारहाणीचा आवाज आला तर दारावरची घंटा वाजवा आणि काहीही निमित्त सांगा. गावात घंटा नसली तरी कडी असते. विरजण मागायला, विळा परत द्यायला दोघीतिघींनी मिळून जावे. कोणी पाहत आहे, एवढे कळले तरी उगारलेला हात पुष्कळदा खाली येतो. शस्त्र असेल तेथे मात्र आत न शिरता ११२ वर कळवावे.

दुसरी गोष्ट आरोग्य केंद्राची. बाईला एकटीला तपासावे, वळ कोठे व किती ते लिहावे आणि तिने सांगितलेले शब्द तिच्याच भाषेत केसपेपरवर नोंदवावेत. कलम ७ प्रमाणे तिने वा संरक्षण अधिकाऱ्याने विनंती केल्यास उपचार नाकारता येत नाहीत. पुढे न्यायालयात हाच कागद तिची बाजू बोलतो.

तिसरी गोष्ट शाळेची. मुलाला घरच्या गोष्टींबद्दल सर्वांदेखत विचारू नये, त्याला साक्षीदार करू नये आणि बापाला शाळेत बोलावून समज देण्याचा मोह टाळावा, कारण त्या समजेचा राग रात्री आईवर निघतो. शिक्षकाने मुलाला जवळ करावे आणि आईशी सवडीने बोलावे.

चौथी गोष्ट पंचायतीची. राज्यातील पंचायतींत २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत आणि नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची ग्रामसभा घ्यावयाची असते. ती केवळ सह्यांपुरती न उरता तिच्यात हा विषय उघडपणे निघावा. ग्रामसभा घरातील प्रथेला हात घालू शकते, हे कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडने दाखवून दिले आहे. या गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने त्याचे अनुकरण करण्याचे आवाहन राज्यातील ग्रामपंचायतींना केले. मारहाण झालेल्या स्त्रीला समजूत घालून परत पाठविले जाणार नाही, तिला प्रथम सुरक्षित जागा, उपचार आणि संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता दिला जाईल, असा ठराव कोणत्याही ग्रामसभेला करता येईल. संरक्षण अधिकाऱ्याचे नाव, दूरध्वनी आणि १८१ हा क्रमांक पंचायतीच्या फलकावर, अंगणवाडीत व आरोग्य केंद्रात ठळकपणे लावावा. घराबाहेर काढलेल्या बाईला एक रात्र आसरा देतील अशी दोन-चार घरे गावाने मनाशी ठरवून ठेवावीत. शिधापत्रिका, आधार, पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती अशा एखाद्या घरी ठेवता आल्या तर बाईची निम्मी चिंता मिटते. जातपंचायत तक्रार करणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकू पाहील, तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी अधिनियमाखाली तो गुन्हा ठरतो, हेही सांगून ठेवावे.

सातबारावरील नाव

मार सोसण्यामागे ‘जाऊ कोठे?’ हा प्रश्न असतो. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल व प्रदीप पांडा यांनी केरळच्या तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विवाहित स्त्रियांच्या नावे घर वा जमीन यांपैकी काहीच नव्हते, त्यांच्यापैकी ४९ टक्के स्त्रियांनी शारीरिक हिंसा सोसली होती. ज्यांच्या नावे घर व जमीन दोन्ही होते, त्यांच्यात हे प्रमाण ७ टक्के होते.

महाराष्ट्राच्या शेतकऱ्यांना ही गोष्ट त्याआधीच उमगली होती. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला भरले. त्यानंतर लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम हाती घेण्यात आला आणि अनेक गावांतील शेतकऱ्यांनी जमिनीचा काही भाग स्वखुशीने पत्नीच्या नावे केला. १९९२ साली शासनानेही पत्नीचे नाव सातबारावर सहजपणे लावता यावे यासाठी परिपत्रक काढले. घरकुल मंजूर करताना ते स्त्रीच्या किंवा दोघांच्या नावे होईल, घराच्या मिळकत नोंदीत तिचे नाव लागेल, याकडे पंचायतीने लक्ष दिले तर मारहाणीविरुद्धचे सर्वांत टिकाऊ काम तिच्या हातून होईल.

रस्ते, नळ, दिवे यांनी गावाचा विकास मोजला जातो. तो योग्यच आहे. त्याच्या जोडीला आणखी एक माप लावून पाहावे. रात्री अकरा वाजता घराबाहेर काढलेल्या बाईला कोणाचे दार ठोठवायचे हे ठाऊक आहे काय, आणि ठोठावल्यावर ते दार उघडते काय? येत्या महिला ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा एक विषय लिहिण्यासाठी निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. सरपंचांनी तो लिहावा, एवढीच या निमित्ताने विनंती आहे.